एका सहलीचा हिशेब

गेल्या ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांची धावपळ संपली आणि एका रविवारी घरातली सगळी माणसे एकत्र जेवायला बसली. धाकटा भाऊ, त्याची पत्नी आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगाही आले होते. जेवता जेवता माझ्या मुलीने विषय काढला, "पप्पा, या वर्षी आजीला घेऊन कोकणात जाऊया. समुद्राच्या कडेकडेने, जंगलातून."

आईने हातातली भाकरी ताटात ठेवली आणि नेहमीचे उत्तर दिले, "तुम्ही जा रे. मी नाय येत. माझं काय राहिलंय तिकडं?"

हे उत्तर मी गेली दहा-बारा वर्षे ऐकत आलो आहे. लग्न असो, नामकरण असो, गावच्या विहाराचे उद्घाटन असो, आईचे 'नाय येत' ठरलेले. आई आता शहात्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, साखर आहे, म्हणून ती टाळत असेल असे मी समजत होतो. त्या दिवशी मात्र माझी पत्नी म्हणाली, "अहो, गुडघ्यांचं काही नाही. आईंना भीती वाटते ती वाटेतल्या संडास-बाथरूमची. इतक्या वर्षांत तुम्ही कधी विचारलंत तरी का?"

वाचकहो, मी विचारले नव्हते हे कबूल करतो. आणि हे मला फार आधी कळायला हवे होते, कारण एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडला होता.

२०२३ सालच्या २० मार्चला आमच्या वस्तीतून महाडला बस नेली होती. १९२७ साली त्याच दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दरवर्षीप्रमाणे बसची नोंदणी, वर्गणी, निळे झेंडे, नाश्त्याची पाकिटे अशी सगळी जबाबदारी माझ्याकडे होती. त्या वर्षी फार आग्रह केला म्हणून आई आली. वाटेत बस थांबली की आम्ही पुरुष रस्त्याच्या कडेला मोकळे होत होतो. एका हॉटेलात बायका गेल्या, तर मालकाने 'जेवणाऱ्या गिऱ्हाइकांसाठीच आहे' असे सांगून परत पाठवले. आई पहाटे चारपासून पाण्याचा एक घोट न घेता बसली होती. बसमध्ये मी माईक हातात घेऊन पाण्याच्या हक्कावर बोलत होतो आणि तिसऱ्या बाकावर माझी आई कोरड्या तोंडाने बसली होती! तळ्यापाशी पोहोचताच तिला घेरी आली. परतल्यावर लघवीच्या जागी जंतुसंसर्ग निघाला. सलाईन, तपासण्या, चार दिवस दवाखाना. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "या वयात, त्यात मधुमेह असताना, पाणी तोडून आणि लघवी दाबून प्रवास करायचा नसतो." मी मान हलवली आणि दवाखान्याचे बिल फाइलला लावले. पुढच्या वर्षी पुन्हा बस काढली. आई आली नाही. मी समजलो, गुडघे.

त्या रविवारी मुलीने मोबाइलवर एका गाडीचे चित्र दाखवले. बाहेरून टेम्पो ट्रॅव्हलरसारखी, आत चार झोपायच्या जागा, छोटा ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात दाराचा संडास. अमेरिकेत अशा गाडीला आरव्ही म्हणतात, आपल्याकडे कॅरॅव्हॅन. २०२१ साली आपल्या राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि अशा गाड्या भाड्याने मिळतात. भाऊ म्हणाला, "दादा, ही श्रीमंतांची चैन आहे." मलाही तसेच वाटले. पण आईने चश्मा लावून ते चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ह्यो दरवाजा आतनं लागतो काय?"

त्या एका प्रश्नावर आमची सहल ठरली.

मी बी.कॉम. झालेला कारकून माणूस. कोणतीही गोष्ट वहीत मांडल्याशिवाय मला सुचत नाही. दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर 'मार्ग' असे लिहिले.

आईचे माहेर आणि सासर दोन्ही मंडणगड तालुक्यातले. १९६६ साली लग्न होऊन ती मुंबईला आली ती हर्णै बंदरातून, बोटीने. तेव्हा मोठी बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून माणसे पडावात बसून तिच्यापर्यंत जायची. पुढे ती गावी गेली ती एस.टी.ने, घाटातून. हर्णै पुन्हा पाहिले नाही. मी विचारले, "आई, तुला काय बघायचंय?" ती म्हणाली, "हर्णैच्या बंदरावर मला एकदा उभं कर. बाकी तुमचं तुम्ही बघा."

त्यामुळे शेवटचे टोक आधी ठरले आणि वाट मागाहून आखली. कल्याणहून पनवेल, पेण, अलिबाग, मग किनाऱ्याने रेवदंडा, काशीद, मुरूड. आगरदांड्याला फेरीबोटीवर गाडी चढवून दिघी. तिथून श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला दुसरी फेरीबोट, सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे वेश्वी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. मग वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. परतीला दापोली, मंडणगड, महाड. एकूण सहाशे किलोमीटर धरले. मुलीला गणपतीपुळ्यापर्यंत जायचे होते. वहीने नकार दिला. चार दिवस, तीन मुक्काम, एवढीच आमची ऐपत आणि रजा.

दापोली हे बाबासाहेबांच्या बालपणाचे गाव, वणंद हे रमाईचे, आंबडवे हे बाबासाहेबांच्या घराण्याचे मूळ गाव. ही नावे आपण भाषणांत नेहमी घेतो. नकाशावर बोट ठेवल्यावर पुतण्याला प्रथमच कळले की ही सगळी ठिकाणे एका दिवसाच्या वाटेवर आहेत.

भाऊ वीस वर्षे टेम्पो चालवतो. गाडी पाहायला आम्ही चौघे गेलो, तेव्हा त्याने गाद्या-पडद्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. आधी वाकून गाडीचे पोट पाहिले, मग मागच्या चाकापासून शेपटापर्यंतचे अंतर पावलांनी मोजले. म्हणाला, "मागं लांब शेपूट आहे. फेरीबोटीच्या फळीवर चढताना घासणार. आणि केळशी-आंजर्ल्याच्या गल्लीत दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वर माडाच्या झावळ्या नि विजेच्या तारा. उंची लिहून घे." मी उंची लिहून घेतली. मुलीने टेपने संडासाचे दार मोजले, वीस इंच. आई आडवी होऊन जाऊ शकेल. पहिली पायरी जमिनीपासून दीड फूट निघाली. ती आईला जमणार नाही, म्हणून भाऊ ओळखीच्या वेल्डरकडून लोखंडी पायरी करून घेणार आहे.

पाण्याची टाकी शंभर लिटरची. मी तिथेच हिशेब मांडला. माणसे सात. पिण्याचे माणशी तीन लिटर म्हणजे एकवीस. स्वयंपाक आणि भांडी पंचवीस. संडास आणि हातधुणे पस्तीस. बेरीज एक्याऐंशी. म्हणजे रोज रात्री टाकी भरायची आणि आंघोळी मुक्कामाच्या घरी करायच्या.

आता खरा मुद्दा आला. संडासाखाली डब्यासारखी एक पेटी असते, ती ओढून बाहेर काढता येते. पेटी वीस लिटरची. रोज रिकामी करावी लागणार. मी विचारले, "ही कुठे रिकामी करायची?" गाडी दाखवणारा गृहस्थ हसून म्हणाला, "साहेब, त्याची काळजी तुम्ही नका करू. वाटेत कोणी ना कोणी माणूस मिळतो. शंभर-दोनशे दिले की साफ करून देतो."

हा 'कोणी ना कोणी' कोण असतो, हे आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. हाताने मैला काढण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली त्याहून कडक कायदा झाला. पण तो माणूस अजून लोकांना सहज 'मिळतो'. माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि काही वर्षे ते ठेकेदाराकडे नालेसफाईला जात. त्यांचे कपडे आई वेगळ्या पातेल्यात उकळायची. तो वास मला आजही आठवतो.

घरी येऊन मी हे सांगितले, तेव्हा आईने सहलच मोडीत काढली. "माझी घाण काढायला दुसऱ्याचा पोर लावणार असाल, तर मी नाय येत. सरळ सांगते."

"दुसऱ्याचा कशाला? आम्ही काढू," मी म्हणालो.

"तुम्ही? शोभतं काय?"

तेव्हा भाऊ म्हणाला, "आमची काढताना तुला लाज वाटली होती काय गो?" आई काही बोलली नाही. पदराने तोंड पुसून आत गेली.

वहीत एक नवे पान झाले, 'पाळी'. पहिला दिवस मी, दुसरा भाऊ, तिसरा माझी मुलगी, चौथा पुन्हा मी. पेटी रिकामी करायची ती फक्त मुक्कामाच्या घराच्या संडासात, घरमालकाला आधी विचारून, आणि ज्याची पाळी त्यानेच पाणी ओतून जागा धुवायची. खाडीत नाही, समुद्रात नाही, झाडीत तर नाहीच. हातमोजे आणि फिनेल खर्चात धरले.

मुक्कामाचे कोडे यामुळे आपोआप सुटले. जंगलात कुठेतरी गाडी लावून चांदण्यात झोपायचे असे मुलीच्या मनात होते. पण आम्हाला रोज संडास, पाणी आणि बॅटरी भरायला विजेचा प्लग लागणार. कोकणात आता गावोगाव 'घरगुती निवास'च्या पाट्या आहेत. मी फोन करून विचारले, "वाडीत गाडी लावू द्याल का? बायका गाडीत झोपतील, आम्ही दोघे आणि मुलगा एका खोलीत." मुरूडजवळ, हरिहरेश्वराला आणि हर्णैजवळ अशा तीन जागा मिळाल्या. एका ठिकाणी आडनाव विचारले. मी सांगितले. थोडा वेळ शांतता. मग "त्या दिवशी जागा नाही" असे उत्तर आले. आम्ही तारीख सांगितलीच नव्हती. मी फोन ठेवला, दुसरा नंबर लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "या की, म्हातारीला गरम पाणी ठेवते." दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या आहेत. हिशेबात जमा आणि नावे दोन्ही बाजू लागतात.

जंगल मात्र वाटेत आहेच. रेवदंडा आणि मुरूड यांच्यामध्ये फणसाड अभयारण्य आहे. पूर्वी ही जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची राखीव जागा होती. १९८६ साली अभयारण्य झाले. समुद्राच्या इतक्या जवळ एवढी दाट झाडी क्वचितच राहिली आहे. तिथे शेकरू आहे, आपल्या राज्याचा प्राणी. जंगलातल्या पाणवठ्यांना तिकडे 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यात जनावरे तिथे येतात. पुतण्याने विचारले, "काका, जनावरांना पण पाण्याची जागा ठरलेली असते?" मी म्हटले, "असते बाळा. आणि तिथे पाणी पिऊ नको असं त्यांना कोणी सांगत नाही." अभयारण्यात दिवसाउजेडी जाऊन परत फिरायचे, शेगडी पेटवायची नाही, एक कागदही टाकायचा नाही, हे नियम पोरांनी स्वतः लिहिले.

तारीख ठरवताना भावाने फेरीबोटीचा मुद्दा काढला. ओहोटी फार असली की धक्क्यावरची फळी जास्त कलते आणि आमच्या गाडीचे शेपूट घासणार. यावर आईने तोडगा सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. सप्तमी असेल तर सातची पाऊणपट सव्वापाच. सव्वापाचला पूर्ण भरती, साडेअकराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शिवाय सप्तमी-अष्टमीला भांगाचे पाणी, फार चढत नाही नि फार उतरतही नाही. उधाण असते ते अमावास्या-पौर्णिमेला. चौथी शिकलेल्या आईने तोंडी केलेले गणित मी वहीत करून पाहिले, बरोबर आले. मोबाइलवरचे भरतीचे कोष्टक उघडले, तेही जवळपास जुळले. म्हणून फेब्रुवारीच्या उत्तरार्धातली भांगाची तिथी धरली आणि बागमांडल्याची खाडी सकाळी साडेआठच्या आत ओलांडायचे ठरले. त्या सुमारास वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले अंड्यांतून बाहेर पडू लागतात. गावकऱ्यांनी आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ती अंडी जपली आहेत. दिसली तर दिसली. कासव आपल्या वेळापत्रकाने चालत नाही, हेही पोरांना सांगून ठेवले आहे.

आता खर्चाचे पान. गाडीभाडे दिवसाला साडेआठ हजार, चार दिवसांचे चौतीस हजार. डिझेल सात हजार. फेरीबोटी, खोल्या आणि वाडीभाडे साडेचार हजार. किराणा साडेतीन हजार. अडीअडचणीला तीन हजार. एकूण बावन्न हजार, दोन घरांत सव्वीस-सव्वीस. साधी टेम्पो ट्रॅव्हलर आणि लॉज केले असते, तर पंधरा हजार वाचले असते. मी ती रक्कम लाल शाईने लिहिली आणि पत्नीला दाखवली. ती अंगणवाडी सेविका आहे, पैशाची किंमत माझ्यापेक्षा जास्त जाणते. ती म्हणाली, "दोन वर्षांची माझी भिशी याला लावा. पण एक सांगा, २०२३ च्या दवाखान्याचं बिल किती झालं होतं?"

मी फाइल काढली. अठरा हजार दोनशे.

लाल शाईचा आकडा मी खोडला.

त्या रात्री झोप येईना, म्हणून बाबासाहेबांच्या आत्मकथनपर टिपणांतला एक प्रसंग पुन्हा वाचला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ती टिपणे आता सर्वांना माहीत आहेत. १९०१ साली लहानगे भीमराव आणि बरोबरची मुले वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली होती. बेत चांगला आखला होता, वडिलांना पत्रही टाकले होते. पण ते पत्र नोकराने त्यांच्या हाती दिलेच नाही आणि मसूर स्टेशनवर मुलांना घ्यायला कोणी आले नाही. पुढच्या बैलगाडीच्या वाटेवर त्यांच्याजवळ खायला भरपूर होते, पण पाणी मिळाले नाही. रात्र तशीच काढावी लागली. हा प्रसंग मी कितीतरी सभांत सांगितला आहे. या वेळी वाचताना लक्षात आले, की प्रवासाच्या बेतात सगळे असूनही एक पाणी नसले तर बेतच फसतो. आपल्या आधीच्या पिढ्यांना पाणी दुसऱ्यांनी नाकारले. माझ्या आईने ते स्वतःच नाकारले, कारण पाणी पिल्यानंतर जायचे कुठे याची सोय तिच्या शिकलेल्या मुलाने केली नव्हती. तहान दोन्हीकडे सारखीच.

बंधू-भगिनींनो, प्रत्येकाने कॅरॅव्हॅन करावी असे मी मुळीच म्हणत नाही. ती आम्हालाही पुन्हा परवडेल असे नाही. पण पुढच्या २० मार्चच्या बसचा बेत आमच्या मंडळाने आत्ताच बदलला आहे. दर दीड तासाने बस कुठे थांबेल, तिथे बायकांसाठी स्वच्छ संडास आहे का, हे दोन कार्यकर्ते आधी जाऊन पाहून येतील, आणि त्यांतली एक बाई असेल. त्याला पैसा फारसा लागत नाही, आधी विचारावे लागते. आपल्या घरातही एखादी आई, आत्या, सासू 'मी नाही येत' म्हणत असेल, तर तिला एकदा नीट कारण विचारा.

निघायला अजून वेळ आहे. भावाने लोखंडी पायरी करायला टाकली आहे. सुके बोंबील गाडीत तळायचे नाहीत, असा नियम माझ्या मुलीने केला. त्यावर आजीने विचारले, "मग हर्णैला जाऊन खायचं काय?" संध्याकाळी तिथे किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो, तिथली ताजी मासळी खायची, असे ठरून भांडण मिटले.

परवा मी वही बंद करत होतो, तेव्हा आईने विचारले, "त्या गाडीतल्या टाकीत पाणी किती मावतं म्हणालास?"

"शंभर लिटर."

"पिण्याचं वेगळं ना?"

"वेगळं. तुझे तीन लिटर धरलेत."

ती थोडा वेळ बोटांवर काही मोजत बसली. मग म्हणाली, "चार धर. मी घरातनंच पाणी पिऊन निघेन."

मी वही पुन्हा उघडली आणि एकवीसच्या जागी बावीस केले.